नानांची गाडी सीट भरल्याशिवाय हलत नाय

भरतने गाडीच्या कामासाठी दोन पत्र्याचे डबे ठेवले होते. एकात नट, एकात बोल्ट. दोन्ही डबे शेवटपर्यंत अर्धेच राहिले. किस्से मात्र असे साठत गेले, की ठेवायला डबा पुरेना. रस्त्यात कुणी विचारतं, "गाडीचं कुठवर आलं गो?" आणि मी ब्रेकच्या पाइपचं सांगायला लागले की म्हणतात, "ते राहू दे, न्हाणीच्या दाराचं सांग." एकाला दाराचं, दुसऱ्याला सीटचं, असं तुकड्यातुकड्याने सांगून मी दमले. म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकते.

गाडी म्हणजे लक्ष्मणनानांची अँबॅसिडर. नाना आमचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी ती मुरबाड–शहापूर रस्त्यावर सीटवर, म्हणजे माणशी भाडं घेऊन, चालवली. मग सहा सीटर रिक्षा आल्या, नानांचे गुडघे गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली. कुणी काही मागितलं की नाना पाना घेऊन उठायचे. कुणाला दार, कुणाला सीट. इंजिनसुद्धा दिलं. नाना गेले तेव्हा अंगणात उरला होता तो गाडीचा सांगाडा आणि त्यात अंडी घालणाऱ्या दोन कोंबड्या.

मी बी.एस्सी. केलं आहे, घरी शिकवण्या घेते, आणि दुरुस्त होणारी वस्तू भंगारात देणं हा निव्वळ आळस आहे असं माझं मत आहे. वरच्या पाड्यांतल्या चार मुलींनी एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत म्हणून कॉलेज सोडलं होतं. इथे अंगणात एक आख्खी गाडी कोंबड्यांना दिलेली. हे मी नानांच्या बायकोला, यशोदाकाकूंना, जाऊन ऐकवलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"पिंकीचं लगीन हाय. मांडवाला अंगण मोकळं पायजे. भंगारवाल्याला शब्द दिलाय, पाचव्या शुक्रवारी त्याचा टेम्पो येनार. त्याच्या आधी गाडी आपल्या पायानं बाहेर गेली तर तुझी. नाय तर त्याची."

"आणि ढकलत नेली तर?"

"दुसऱ्यानं उचलून न्यायचं ते मढं. गाडी आसंल तर चालंल."

पिंकी ही त्यांची नात. पाच आठवडे होते. माझ्या शिकवणीचे पैसे, भरतचा ओव्हरटाइम आणि सगळीकडे विखुरलेली गाडी, एवढंच भांडवल. भरत माझ्या शाळेतला. वाशिंदच्या एका कारखान्यात वेल्डर आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "रविवारी मी रिकामाच असतो. पण भाषण नको करूस."

*

पहिल्याच रविवारी, कोंबड्या बाहेर काढताना, मी काकूंना विचारलं, "तुम्ही खूप फिरला असाल ना या गाडीतून?"

"मी? एकदाबी नाय."

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

"ह्यांचे दोन नेम व्हते. आठ पॅसेंजर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाय. आन् घरचं मानूस त्या आठात धरायचं नाय. म्हनजे मी नववी. नवव्याला जागा कुठं?"

काकूंचं माहेर शहापूरचं. मी विचारलं, मग जायचात कशा?

"एस.टी.नं. हे मागनं यायचे, एस.टी.ला ओव्हरटेक करायचे आन् हॉर्न मारायचे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? एस.टी.त पॅसेंजरला हॉर्न नसतो."

काकूंच्या पडवीत पाण्याचा रांजण आहे. त्यावर झाकण म्हणून पत्र्याची पाटी होती. पांढऱ्यावर तांबड्या अक्षरांत ‘मुरबाड – शहापूर’. नाना ती पुढच्या काचेत लावायचे. मी हात लावला, तर काकू म्हणाल्या, "ते झाकन हाय. झाकन गाडीत मोडत नाय."

*

मागची सीट किन्हवलीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीबाहेर, चार दगडांवर ठेवलेली सापडली. तिच्यावर चार म्हातारे बसले होते. टपरीवाला म्हणाला, "सीट माझी नाय, ह्यांची. ह्यांना विचारा."

मी मुलींच्या शिक्षणापासून सुरुवात केली. भरत दुसरीकडे बघत उभा राहिला. चौघांनी चहा संपेपर्यंत ऐकलं. मग त्यांच्यातले सर्वांत वयस्कर धोंडूबाबा म्हणाले, "पोरी, ह्याच सीटवर आडवी घालून मी बायकोला शापूरच्या दवाखान्यात नेली व्हती. आन् ह्याच सीटवर बसवून परत आनली. म्हनून मी हितं बसतो."

मी भाषण आवरतं घेतलं. तोड भरतने काढली. पुढच्या रविवारी त्याने लोखंडी बाक बनवून आणला, रंग वगैरे देऊन. चौघांनी त्यावर बसून बघितलं. एक म्हणाला, "गार लागतं." दुसरा म्हणाला, "सवय व्हईल." आणि त्यांनी सीट सोडली.

आम्ही ती टेम्पोत चढवली. धोंडूबाबा पुढे आले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सीटच्या डाव्या टोकाला अंथरला. मी म्हटलं, "बाबा, टॉवेल राहिला तुमचा."

"राहिला नाय. खिडकी धरलीय."

*

मागचं डावं दार वरच्या आळीत एका न्हाणीला लावलेलं होतं. बांबूच्या चार तट्ट्या, वर पत्रा, पुढे अँबॅसिडरचं दार, हँडलसकट. भरत म्हणाला, "तू जा, मला बरं दिसणार नाही."

मी जाऊन दारावर टकटक केलं. आतून पाण्याचा आवाज थांबला. मग कर्रर्र कर्रर्र करत दाराची काच दोन बोटं खाली आली.

"कोन हाय?"

"ताई, मी यशोदाकाकूंच्या शेजारची. तुमचं हे दार पाहिजे होतं."

"आत्ता?"

"नाही, आत्ताच नाही."

"मग आंघोळ करू दे," आणि काच कर्रर्र करत वर गेली.

भरतने त्यांना नवं पत्र्याचं दार करून दिलं, कडीकोयंड्यासकट. दोन दिवसांनी त्या ताई बाजारात भेटल्या. मी विचारलं, कसं आहे दार? म्हणाल्या, "चांगलं हाय. पन आता कोन आलंय ते बघायला आख्खं दार उघडावं लागतं. नाना असते तर काचेचं दिलं आसतं."

*

गाडीचा तळ गंजून गेला होता. उभं राहिलं तर पाय थेट जमिनीला लागायचे. जाड पत्रा विकत घेणं परवडणारं नव्हतं. वेशीजवळच्या नाल्यात ग्रामपंचायतीचा एक जुना बोर्ड दोन पावसाळे पडून होता. भरत म्हणाला, उचलू या. मी म्हटलं, नाही, रीतसर अर्ज करायचा. लोकांच्या वस्तूचं काम लोकांना विचारून झालं पाहिजे.

म्हणून मी अर्ज केला. ग्रामसेवकाने तो वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. म्हणाला, "मॅडम, बोर्ड पडलाय हे तुम्ही लेखी दिलंत. आता तो मला उभा करावा लागेल."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच बोर्ड उभा करून घेतला. आठवडाभर तो तसाच उभा होता. मग एका दुपारी वारं सुटलं आणि बोर्ड आपोआप पुन्हा नाल्यात पडला. या वेळी ग्रामसेवकानेच निरोप पाठवला, "अर्ज न करता घेऊन जा."

वेल्डिंग करताना भरतने अक्षरं वर ठेवली, खाली ठेवली असती तर चिखलाने रंग गेला असता म्हणून. त्यामुळे आता मागच्या दाराने आत पाय टाकला की पायाखाली येतं, ‘हागणदारीमुक्त गावात आपले हार्दिक स्वागत’. काकू वाकून बघून म्हणाल्या, "गाडीत कुनी असं स्वागत करतं का रे?"

*

आता इंजिन. इंजिन जानूदादांच्या भाताच्या गिरणीत होतं. गिरणीला विजेची मोटर आहे, पण आमच्याकडे शुक्रवारी सकाळी लाईट जाते ती संध्याकाळी येते. तेव्हा जानूदादा नानांचं डिझेल इंजिन चालू करतात. त्याचा आवाज नदीपलीकडे जातो. तो ऐकला की बायका भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन घराबाहेर पडतात. वर्षानुवर्षांची सवय.

जानूदादा इंजिन द्यायला एका शब्दात तयार झाले. "नानांचं हाय, नानांच्या गाडीत जाईल. बसवून मीच देनार. पन लग्नसराईचं भात भरडून झाल्यावर."

"कुणाकुणाचं राहिलंय?"

"तिघांचं झालं. शेवटचा नंबर यशोदाकाकूंचा."

मी धावत काकूंकडे आले. त्यांचं भात अंगणात वाळत होतं. मी म्हटलं, काकू, आजच भरडून घ्या. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकून चावले. "वाळलं नाय अजून." चौथ्या दिवशीही तेच. गाडीच्या टपावर भात, बॉनेटवर भात, आणि मधल्या जागेत इंजिन नाही. शेवटी मी चिडून म्हणाले, "काकू, मुदत तुम्हीच दिली आणि उशीरही तुमच्यामुळेच होतोय."

"मग? लगीन माझ्या नातीचं, अंगन माझं, भात माझं. घाई तेवढी तुझी."

*

अखेर चौथ्या शुक्रवारी काकूंचं भात गिरणीवर गेलं. मी बरोबर वही घेऊन गेले होते. इंजिन किती गरम होतं, धूर कोणत्या रंगाचा, आवाज कसा, हे सगळं मोबाइलवर बघून लिहून काढलं होतं. जानूदादांना म्हटलं, काढायच्या आधी एकदा तपासू या.

जानूदादांनी वहीकडे बघितलंही नाही. चालत्या गिरणीखालून त्यांनी मूठभर तांदूळ घेतला, हातावर पसरला आणि बोटाने चाळला.

"आठातला एक भाग कनी पडतीय. इंजिन एका पायावर लंगडतंय."

मला हसू आलं. तांदळाचे तुकडे मोजून इंजिन कोण तपासतं? मी भरतकडे बघितलं, तर तोही हसत होता. जानूदादांनी गिरणी थांबवली, एक नोझल काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, फुंकर मारून बसवलं. पुन्हा चालू केलं. आवाज मला होता तसाच वाटला. त्यांनी पुन्हा मूठभर तांदूळ घेतला आणि माझ्या वहीवर ओतला. एकेक दाणा आख्खा.

वहीतली ती पानं मी फाडली. तांदूळ काकूंना परत दिला. काकू म्हणाल्या, "तपासून झाला ना? मग मांडवाच्या भाताला चालंल."

*

गाडी बुधवारी जोडून झाली. कागदपत्रांबद्दल मी बोलणार नाही, त्यात हसण्यासारखं काही घडलं नाही. सीटवर कव्हर म्हणून म्हसा गावच्या जत्रेतली घोंगडी शिवली. टोचते, अशी मी तक्रार केली, तर भरत म्हणाला, "टोचू दे. पॅसेंजर जागे राहतात." गुरुवारी मी चालू करून बघायचं म्हटलं, तर जानूदादांनी चावी काढून घेतली. बॅटरी जुनी होती. "त्यात एकच स्टार्ट हाय. आज मारलास तर उद्या काय करशील?" मी रात्रभर चडफडले.

शुक्रवारी सकाळी लाईट गेली. भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी यायचा, तो नऊलाच आला आणि फाटकासमोर उभा राहिला. भंगारवाला खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून बघितला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, करा प्रयत्न. नाय झालं तर मी हायच."

धोंडूबाबा किन्हवलीहून पहिल्या एस.टी.ने आले होते आणि मागे आपल्या टॉवेलवर, खिडकीला, बसून होते.

मी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि मग लागलं. तो आवाज अंगणात मावेना. भरत टपावर थाप मारून ओरडला, "घाल गिअर, घाल!" भंगारवाला शहाण्यासारखा आपला टेम्पो मागे घ्यायला गेला. मी गिअर टाकला, समोर बघितलं, तर पुढच्या काचेत काकू ‘मुरबाड – शहापूर’ची पाटी उभी करत होत्या. पडवीतला रांजण उघडा होता.

"काकू, बाजूला व्हा. निघतेय."

"कुठं निघालीस?"

"फाटकाबाहेर. तुम्हीच म्हणालात ना?"

"सीटा भरल्या?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. म्हटलं, "काकू, बॅटरीत दुसरा स्टार्ट नाही. बंद पडली तर संपलं."

"नानांची गाडी रिकामी हलत नाय. रिकामी हलवायची आसंल तर टेम्पोत घाल."

मी वाद घातला. हा हट्ट आहे, अंधश्रद्धा आहे, पाड्यावरच्या मुलींचं भवितव्य आहे, सगळं बोलले. काकूंनी पदर खोचला, फाटकात जाऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "शापूर, शापूर, शापूर!" अगदी नानांच्या चालीत. तीस वर्षं चुलीपुढे बसून ऐकलेली.

रस्ता रिकामा होता. कोण येणार अशा वेळी, असं मी म्हणते आहे, तोवर वळणावर चार बायका दिसल्या. डोक्यावर पाट्या, पाट्यांत भात. शुक्रवार, लाईट नाही, आणि इंजिनचा आवाज. सरळ आमच्या अंगणात आल्या. पुढची म्हणाली, "जानूभाऊ, गिरनी हितं कधी आनलीत?"

"गिरनी नाय, गाडी हाय," जानूदादा म्हणाले.

"मग भात कुठं ओतू?"

"मांडीवर घे नि बस," काकू म्हणाल्या. "शापूरच्या गिरनीत भरड. थितं लाईट जात नाय."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "चला गो, लुगड्याचं दुकानबी बघून येऊ." तिघी मागे धोंडूबाबांना सरकवून बसल्या, एक पुढे. पायाखालचा बोर्ड कुणी वाचला नाही.

काकू बोटांवर मोजत होत्या. "बाबा एक. ह्या चार, पाच. जानूभाऊ बसा, सहा. भरत, तू बस, सात."

"भरत घरचा नाही का?" मी म्हटलं. मला कसंही करून हे थांबवायचं होतं.

"वेल्डर हाय. धरला. आजून एक पायजे."

इंजिनचा आवाज बदलायला लागला होता. जानूदादांनी कान दिला आणि म्हणाले, "तापतंय. पाच मिनटं." फाटकाबाहेर टेम्पो मागे सरून थांबला होता. भंगारवाला दोर हातात घेऊन बघत होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं.

मी खिडकीतून बाहेर वाकले. "काकू, तुम्ही बसा ना. आठ होतात."

"घरचं मानूस धरत नाय."

"आता नाना नाहीत, काकू. कोण बघतंय?"

काकू मागे वळल्या आणि घरात निघून गेल्या. भरत हळूच म्हणाला, "सोड क्लच. त्या आत आहेत तोवर काढू बाहेर." माझा पाय क्लचवरच होता. पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "गप रे." मी पाय उचलला नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा पाय धुतलेले होते. पायात चपला, हातात कापडी पिशवी. दाराला कडी घातली. गाडीला पुढून वळसा घालून माझ्या खिडकीशी आल्या. कनवटीची गाठ सोडली, घडी घातलेली दहाची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"एक शापूर."